पिरुनकोर्पीला तीन तारे

हिल्लाकोस्की नगरपालिकेच्या हद्दीत उपलब्ध असलेल्या प्रत्येक सार्वजनिक आनंदाचं वर्षातून एकदा मूल्यमापन करण्यात यावं, असा ठराव मार्च महिन्यात एकमताने मंजूर झाला. आनंदांची यादी करायलाच दोन महिने लागले. तळ्याचा बर्फ फोडून केलेला पोहायचा खड्डा त्यात होता, उन्हाळी नाचाचा लाकडी चौथरा होता, स्कीच्या दोन वाटा होत्या, आणि चौदाव्या क्रमांकावर पिरुनकोर्पीचं डिस्क गोल्फचं मैदान होतं. मैदान हा शब्द यादी करणाऱ्याचा. प्रत्यक्षात तिथं स्प्रूसच्या उंच, सुईसारख्या पानांच्या झाडांचं दाट रान होतं, रानात अठरा ठिकाणी साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपल्या रोवलेल्या होत्या, आणि झाडांच्या फटींतून चकती फेकत फेकत कमीत कमी फेकींत ती टोपलीत पाडायची, एवढाच खेळ होता.

हे काम मनोरंजन विभागातल्या वाल्तो निस्किनेनकडे आलं. एकतीस वर्षांची नोकरी झालेला हा निरीक्षक गेली आठ वर्षं दर रविवारी याच रानात चकत्या फेकत असे. दुसरा कोणी असता तर खुशीत निघाला असता. वाल्तोनं आधी संचालकांना लेखी कळवलं : 'सदर ठिकाण मला आवडतं. त्यामुळे माझ्या हातून पक्षपात होण्याची शक्यता आहे.' संचालक तूलिक्की सारस्तोनं त्याच कागदाखाली लिहून पाठवलं, 'दुसरं कोणी मोकळं नाही. पक्षपात टाळ.' वाल्तोनं तो टाळायचं मनावर घेतलं, आणि इथूनच सगळं बिघडायला लागलं.

मूल्यमापनाची पद्धत नवीन होती. दक्षिणेकडच्या कुठल्याशा कंपनीकडून ती तयार आणली होती. प्रत्येक आनंदाला एक ते पाच तारे द्यायचे, आणि सरासरी चारच्या खाली आली तर त्या जागेचा 'पर्यायी वापर' करायचा. पिरुनकोर्पीचा पर्यायी वापर रस्ते विभागानं आधीच सुचवून ठेवला होता. हिवाळ्यात गावाच्या रस्त्यांवरून खरवडलेला बर्फ नेऊन टाकायला जागा लागते. झाडं काढली की तिथं उत्तम ढीग होईल. वाल्तोला हे ठाऊक होतं. त्याला काळजी अशी वाटली नाही. मैदान किती चांगलं आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

ऑगस्टमधल्या एका सकाळी तो फॉर्म घेऊन रानात पोचला तेव्हा पहिल्या टोपलीपाशी अर्मास हुर्मे थर्मास घेऊन बसला होता. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यानं लाकूड गिरणीत झाडांच्या फळ्या पाडल्या, आणि निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं खपून एकही जिवंत झाड न कापता हे मैदान उभं केलं. कुणी कारण विचारलं तर तो म्हणे, "कापून झालं माझं." यापेक्षा मोठं भाषण त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

"प्रश्न सहा," वाल्तो चालता चालता वाचू लागला. "वापरकर्त्याच्या मार्गातले अडथळे दूर केले आहेत का?"

"अडथळे म्हणजे?"

"झाडं."

अर्मासनं मान वर करून झाडांकडे बघितलं. "ती काढली तर खेळणार कशात?"

"इथं हो किंवा नाही एवढंच आहे."

"मग नाही लिही. खोटं नको."

वाल्तोनं 'नाही' लिहिलं. प्रश्न नऊ होता, 'पहिल्यांदा येणाऱ्याला यश सहज मिळतं का?' त्यावर दोघेही हसले, म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली, आणि पुन्हा 'नाही' लिहिलं.

चौथ्या टोपलीला दोन स्प्रूसच्या मधून जेमतेम दार उघडावं एवढी फट आहे. वाल्तोची निळी चकती उजवीकडच्या बुंध्यावर थाडकन आपटून ब्ल्यूबेरीच्या झुडपांत गेली. चकतीच्या पाठीवर त्याचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला होता, तसा तो इथं प्रत्येकाच्या चकतीवर असतो, आणि रानात कुणाला सापडली की रात्रीपर्यंत निरोप येतो.

"एकतीस वर्षं सरकारी नोकरी केल्यावर नेम असाच होतो," अर्मास म्हणाला.

"झाड मध्ये आलं."

"ते तिथंच होतं. तूच आलास मध्ये."

आठव्या टोपलीपर्यंत वाल्तोच्या आणखी दोन चकत्या दलदलीनं खाल्ल्या, डास चावून कान लाल झाले आणि एका बुटात पाणी शिरलं. बाराव्यापाशी तो थांबला. इथं उतारावरून चकती आधी खडकाला वळसा घालून डावीकडे जायला हवी आणि मग दोन पिळदार पाइनांच्या मधून आत शिरायला हवी. आठ वर्षांत वाल्तोला इथं चार फेकींच्या आत कधी जमलं नव्हतं. आज पहिली फेक वळली, वळतच राहिली आणि टोपलीपासून दहा पावलांवर टेकली. दुसरी गेली ती साखळ्या खळखळवत थेट आत.

 अर्मासनं कॉफी ओतली. वाल्तोला इतका आनंद झाला होता की कॉफी कपात तशीच निवत राहिली. असा आनंद त्याला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, पण ही माहिती फॉर्ममध्ये कुठं लिहायची हे त्याला कळलं नाही.

अठरावी टोपली झाल्यावर अर्मासनं विचारलं, "मग?"

वाल्तोनं रानाकडे एकदा बघून घेतलं. "वाईट नाही," तो म्हणाला.

अर्मासनं झटकन पाठ फिरवली आणि थर्मासचं झाकण लावायला त्याला फार वेळ लागला. हिल्लाकोस्कीत 'वाईट नाही' हे माणूस आयुष्यात दोनदा किंवा तीनदा म्हणतो. नवं चर्च बांधलं तेव्हा खुद्द बिशपनी मागे लागूनही गावानं 'बघू' एवढंच म्हटलं होतं.

ऑफिसात बसून वाल्तोनं तारे देण्याचा विचार सुरू केला. पाच द्यायचे म्हणजे या वस्तूत आता सुधारायला काही उरलेलं नाही असं जाहीर करायचं, आणि अशी फुशारकी परमेश्वरानंही सृष्टी करून मारली नव्हती. चार हे मेहुण्याच्या नव्या घराला देतात, वाद नको म्हणून. एखादी गोष्ट खरोखर मनाला लागली, डोळ्यांत पाणी आणून गेली, तर तीन. पक्षपात होऊ नये म्हणून त्यानं दोनचाही विचार केला होता, पण मन धजलं नाही. त्यानं तीन दिले आणि आपण जरा वाहवत गेलो की काय, म्हणून दुपारभर बेचैन राहिला.

मग फॉर्म गावकऱ्यांसाठी खुला झाला. दोनशे बारा जणांनी मत नोंदवलं, आणि दोनशे बारांनीही तीन दिले. सोबतचे अभिप्राय वाल्तोनं घरी नेऊन वाचले. 'पुन्हा गेलो.' 'चकती हरवली. चूक माझी.' 'बायको वारल्यापासून रोज जातो. ठीक आहे.' 'मेल्यावर राख इथंच टाका. तीन तारे.' अखेरच्या अभिप्रायाशी तो दोनदा थांबला आणि चष्मा पुसला.

आठवड्यानं तूलिक्कीनं त्याला बोलावलं. तिच्या संगणकाच्या पडद्यावर एक लाल, रडका चेहरा होता.

"पिरुनकोर्पी पडलं," ती म्हणाली. "तीन पूर्णांक शून्य. लोक कमालीचे नाराज दिसतात."

"लोक खूश आहेत."

"मग हा चेहरा रडतोय कशाला?"

"तो दक्षिणेकडचा आहे. त्याला आपलं काय कळतंय?"

तूलिक्कीनं त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. तीही मूळची शेजारच्याच खेड्यातली, पण या पद्धतीचा अभ्यासक्रम करून आलेली. "हे बघ वाल्तो, मला वैयक्तिक विचारशील तर मला काहीच म्हणायचं नाहीये. पण पद्धत सगळ्यांना सारखी आहे. तुला हरकत घ्यायची तर तीस दिवस आहेत. फेरमतदान घे. चार आले तर रान वाचलं."

"आणि नाही आले तर?"

"तर एक नोव्हेंबरला रस्तेवाले करवती घेऊन येतील."

त्या शनिवारी पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या दुकानात सभा भरली. दुकान एइलाचं; तिनं दालचिनीचे पाव ठेवले होते. चाळीसेक माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मधली सगळी खुर्च्यांची जागा रिकामी राहिली. वाल्तोनं परिस्थिती समजावून सांगितली : रान वाचवायचं तर प्रत्येकानं पाच तारे द्यायला हवेत.

सगळे पाव चघळत राहिले. शेवटी ट्रॅक्टरवाल्या ताउनोनं टोपी काढली. "पाच?"

"पाच."

"सगळे एकदम? मग पुढच्या वर्षी आणखी बरं झालं तर काय देणार?"

"आणि अर्मासच्या तोंडावर?" मागून कुणीतरी म्हणालं. "त्याला उद्या लोकांत वावरायचंय. एवढी स्तुती कुणाची कुणी करतं का? त्यानं काय वाईट केलंय आपलं?"

अर्मास कोपऱ्यात लालबुंद होऊन उभा होता. "मला नको पाच," तो पुटपुटला. "रान राहू दे फक्त."

"अरे पण रान राहायचं तर पाच घ्यावे लागतील ना!" वाल्तोचा आवाज चढला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. सगळे खाली जमिनीकडे बघू लागले.

एइलानं कॉफीचं भांडं टेबलावर आपटलं. "खोटं बोलायचं तर बोला एकदाचं. करभरणीच्या वेळी येतं की सगळ्यांना! पाव संपवा, फोन काढा आणि दाबा पाच."

दाबले. डोळे मिटून, पण दाबले. मात्र पाप मनात राहू नये म्हणून प्रत्येकानं अभिप्रायाच्या रकान्यात खरं काय ते लिहून टाकलं : 'पाच तारे. म्हणजे तीन.' 'पाच, वाल्तोनं सांगितलं म्हणून.' ताउनोनं लिहिलं, 'पाच. परमेश्वर क्षमा करो.'

सरासरी एका दुपारीत तीनवरून पाचवर गेली. रडका चेहरा हसरा व्हायला हवा होता. तो पिवळा पडून लुकलुकू लागला. दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. 'आपल्या भूभागात उत्साहाची असाधारण वाढ नोंदवली गेली आहे. उपलब्ध आकडेवारीनुसार आपल्या प्रदेशात अशी वाढ याआधी कधीही झालेली नाही. सबब प्रत्यक्ष पडताळणी आवश्यक.' पडताळणीचे नियम जोडलेले होते. पडताळणी अधिकाऱ्यानं संपूर्ण मैदान स्वतः खेळावं. खेळताना दर टोपलीमागे वापरकर्त्यांची किमान दोन दृश्य समाधानं मोजावीत. दृश्य समाधान म्हणजे दात दिसतील असं हसू. शेवटी अधिकाऱ्यानं स्वतःचे तारे द्यावेत, तेच अंतिम.

"अठरा टोपल्या, छत्तीस हसू," ताउनोनं हिशेब केला. "या गावात एवढे दात तरी आहेत का?"

दोन आठवडे एइलाच्या दुकानात सराव चालला. सकाळी कॉफी घेताना लोक एकमेकांना दात दाखवत आणि लगेच माफी मागत. ताउनोला हसायला लावलं तेव्हा एइलानं विचारलं, "दाढ दुखतेय का रे?" बाहेरगावचा एक ट्रकवाला डिझेल भरायला आला, आत डोकावला आणि टाकी अर्धीच भरून निघून गेला. वाल्तो घरी आरशासमोर प्रयत्न करी. तो करताना त्याला मनापासून वाईट वाटे, कारण आरशातला माणूस त्याला ओळखू येत नसे. पण रान उभं राहायला हवं होतं, आणि त्यासाठी तो याहून लाजिरवाणं काही करायलाही तयार होता.

पडताळणी अधिकारी नगरपालिकेचाच असावा असा नियम होता, म्हणून तूलिक्कीच आली. गळ्यात हसू मोजायचं यंत्र, पायांत नवे रबरी बूट. रानात प्रत्येक टोपलीपाशी दोन-दोन माणसं नेमलेली होती. तूलिक्की जवळ आली की दोघं तिच्याकडे तोंड करून, न हलता, सगळे दात दाखवत. तूलिक्की पहिल्या टोपलीपाशी दचकली, दुसऱ्या टोपलीपाशी तिनं वाल्तोचा हात धरला.

"यांना काय झालंय?"

"समाधानी आहेत," वाल्तो म्हणाला.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

तिनं यंत्राचं बटण दोनदा दाबलं आणि चकती फेकली. ती समोरच्या झाडावर आपटून मागे तिच्याच पायाशी आली. "नियमाप्रमाणे मलाही खेळायचंय," ती म्हणाली. "खेळून काय साधतं?"

"फेकत राहा," मागून चालणारा अर्मास म्हणाला.

ती फेकत राहिली. चौथ्या टोपलीपर्यंत ती चिडली होती. सहाव्यापाशी तिनं केस बांधले. आठव्याला दलदलीत उतरून गुडघाभर चिखलातून तिनं स्वतःची चकती शोधून काढली आणि हसू मोजायला विसरली. वाल्तोनं आठवण केली नाही. बाराव्यापाशी ती उतारावर बराच वेळ थांबली, झाडांच्या मधल्या फटीकडे बघत राहिली आणि मग सोडली. चकती खडकापाशी वळली. पाइनांच्या मधून गेली. टोपलीच्या कडेला लागून बाहेर पडली, पण तूलिक्की उतारावरून धावत खाली गेली आणि दुसऱ्या फेकीत तिनं साखळ्या वाजवल्या. टोपलीपाशी नेमलेली दोन माणसं तिच्याकडे बघून हसली. यावेळी दात दिसले नाहीत, त्यामुळे ती हसू मोजता आली नाहीत.

अठराव्या टोपलीपाशी सगळे जमले. तूलिक्कीच्या गालावर चिखल होता आणि नव्या बुटांत पाणी होतं. ती रानाकडे बघत राहिली. अर्मासनं काही विचारलं नाही.

"लहानपणी असं रान होतं आमच्या घरामागे," ती हळूच म्हणाली. मग तिनं गालावरचा चिखल पुसला. "वाईट नाही."

चाळीस माणसांनी एकाच वेळी खाली पाहिलं. ताउनोनं टोपी काढली. एइलानं डोळ्यांना एप्रन लावला. संचालकांच्या तोंडून, तेही कामाच्या वेळेत, हे शब्द निघाले होते. तूलिक्कीनं फोन काढला. तिच्या अंगात तिचा सगळा अभ्यासक्रम होता, सगळे नियम होते, चारच्या खाली काय होतं हे तिला कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. पण आयुष्यात इतकं खरं तिला कधीच काही वाटलं नव्हतं, आणि खोटं लिहायला तिचा हात तयार होईना. तिनं तीन दाबले.

गावाला इतका अभिमान वाटला की कुणाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. अर्मासनं तिच्याशी हात मिळवला. वाल्तोनं तिला घरी सोडलं. गाडीत दोघे एक शब्द बोलले नाहीत, आणि दोघांनाही बरं वाटत होतं. लाल चेहऱ्याची आठवण त्यांना सोमवारी ऑफिसात आली.

रस्तेवाले एक नोव्हेंबरला आले. चार दिवस लागले. बाराव्या टोपलीचे दोन पाइन आधी पडले. अर्मास रोज येऊन बाजूला उभा राहायचा आणि कोणतं झाड कोणत्या बाजूला पाडलं तर शेजारचं मोडणार नाही, हे करवतवाल्यांना सांगायचा. शेजारचंही पाडायचंच होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. वाल्तोला ते बघवेना. तो गाडीत बसून राही. अठरा टोपल्या त्यांनी उपटून ताउनोच्या गोठ्यात नेऊन ठेवल्या.

जानेवारीत बर्फाचा ढीग चर्चच्या छपराएवढा झाला. काळपट, खडी मिसळलेला, तेलकट. तो आता यादीत चौदाव्या क्रमांकाचा सार्वजनिक आनंद असल्यामुळे त्याचंही मूल्यमापन करणं भाग होतं. वाल्तो गाडीतून उतरलाही नाही. काच खाली केली, ढिगाकडे न बघता फोनवर पाच दाबले आणि काच वर केली. त्याला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नसलं की पाच देणं किती सोपं असतं याचं त्याला नवल वाटलं.

आजमितीला हिल्लाकोस्कीचा बर्फाचा ढीग चार पूर्णांक नऊवर आहे. तूलिक्कीच्या पडद्यावर हिरवा चेहरा हसतो आहे. फक्त वाल्तोला एक गोष्ट खटकली, म्हणून त्यानं कंपनीला विचारलं. हिल्लाकोस्कीत माणसं अडीच हजार, आणि ढिगाला पाच तारे देणारे अकरा हजार कसे? कंपनीनं तत्परतेनं कळवलं : लहान गावांतून पुरेशी मतं मिळत नाहीत, म्हणून आम्ही हा प्रश्न जगभर कुणाच्याही फोनवर पाठवतो. लोक दुसरंच काहीतरी उघडायच्या घाईत असतात. वर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, पाचवर बोट ठेवतात आणि पुढे जातात. नावांची यादी हवी असल्यास अर्ज करावा.

वाल्तोनं अर्ज केला आहे. परवा तुमच्याही फोनवर पाच तारे आले होते, आणि तुम्ही पाचवा दाबलात. कशाला दिलेत, आठवतंय?